डाव्या हाताची उसवण

आमच्या गल्लीत निम्म्या बायका भरतकाम करायच्या, त्यामुळे माझी थोरली जाऊ भरतकाम करायची यात सांगण्यासारखं काही नाही. पण त्या सगळ्या बायका रंग विचारायला तिच्याकडे, म्हणजे आमच्या वहिनींकडेच, यायच्या. दुपारची भांडी आटोपली की फाटकाची कडी वाजायची. हातात दोऱ्याचे दोन-तीन तुकडे, कापडाचा एक कोपरा आणि चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. वहिनी तुकडे घेऊन आधी बाहेर पायरीवर उन्हात जायच्या. "घरातल्या दिव्याखाली सगळेच रंग सज्जन दिसतात," म्हणायच्या, "बाहेर नेले की गुण कळतात." मग डोळे बारीक करून बघायच्या, आणि एक तुकडा परत करायच्या. "हा काढून टाका. हा भांडतोय."

त्यांचे नियम सगळ्यांना पाठ होते. एका फुलात छटा तीन, चौथी आली की गर्दी. काळ्या दोऱ्याने कड काढायची नाही, फुलाला चष्मा लावल्यासारखं दिसतं. दोरा सहा पदरी आहे म्हणून सहाही पदर सुईत कोंबायचे नसतात. आणि चुकलं तर चुकीपर्यंत उसवायचं, पुढे रेटायचं नाही. हा शेवटचा नियम मला फार जड जायचा. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्यांनीच मला सुई धरायला शिकवली. एकदा एक अख्खी वेल माझ्याकडून उसवून घेतली, कारण खालचं तिसरं पान उलट्या अंगाला वळलं होतं. मी रडले. त्या म्हणाल्या, "रड. पण हात थांबवू नकोस."

वहिनी आणि भावजी खाली राहायचे, आम्ही वर. त्यांना मूलबाळ नव्हतं. आमचे हे महिन्यातले वीस दिवस कामासाठी बाहेरगावी, तेव्हा मी वर नावालाच असायचे. भावजी दुकानांतले वजनकाटे तपासायच्या खात्यातून निवृत्त झालेले. गल्लीत त्यांना 'काटेवाले' म्हणत. माणूस असा की चहात साखर घालतानाही चमच्यावरचा उंचवटा बोटाने सपाट करणार. वहिनी मला डोळा मारून म्हणायच्या, "यांनी मलासुद्धा तोलूनच पसंत केलं असेल, फक्त वजन किती भरलं ते अजून सांगितलं नाही."

एका वर्षी वहिनींनी पहिल्यांदाच स्वतःसाठी काहीतरी भरायला घेतलं. स्वतःच्या पलंगावरची चादर. पांढरं सुती कापड, त्यावर सोळा चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत एकेक पान. फूल एकही नाही. "फुलं काय, कुणालाही जमतात," त्या म्हणाल्या. "लाल दिसलं की लोक खूश. पानं भरून दाखवावीत." अंगणातली, रस्त्याकडेची, शेजाऱ्यांच्या कुंडीतली पानं खुडून आणून त्या पायरीवर ठेवायच्या आणि त्यांच्या शेजारी दोऱ्याच्या लड्या मांडायच्या. पोपटी, पिस्ता, शेवाळी, बाटलीचा हिरवा, मोरपंखी, आणि एक मातकट करडा, जो मला कधीच हिरवा वाटला नाही. पण त्याची एक रेघ पानाच्या शिरेत गेली की पान कापडावरून उचललं जायचं. तीन वर्षांत अकरा चौकटी झाल्या. बारावीतलं पान अर्धं वळलेलं होतं, त्याची पाठ दिसणारी. ते निम्मं झालं होतं.

अशात एका शनिवारी सकाळी मी जिन्यात कपड्यांची बादली घेऊन उतरत होते. वहिनी दारातल्या खुर्चीत भरतकामाची रिंग मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "माझ्या हातातनं सुई पडली गं."

सुई पडली नव्हती. त्यांच्या बोटांतच होती. मी तसं सांगायला तोंड उघडलं, आणि बघितलं तर त्यांच्या ओठाची एक बाजू खाली उतरलेली.

तेच त्यांचं शेवटचं सरळ वाक्य.

तीन आठवडे दवाखान्यात काढले. उजवा हात आणि उजवा पाय गेला. डॉक्टरांनी भावजींना आणि मला बाजूला बसवून सांगितलं, "त्यांना समजतं बरंचसं. पण शब्दांचं कपाट कोसळलंय. हात घालतील आणि भलतंच काहीतरी हाताला लागेल." भलतंच म्हणजे काय ते घरी आल्यावर कळलं. कपाटात दोनच शब्द उरले होते. 'नाही' आणि 'मंगळवार'. पाणी हवं, मंगळवार. खिडकी लावा, मंगळवार. मी कोण, तर मंगळवार. भावजींनी आठवून आठवून वहीत टिपलं की मंगळवारी आपल्या आयुष्यात काय काय झालं. काहीच झालं नव्हतं. तो नुसता हाताला लागलेला शब्द होता.

पहिल्या महिन्यात बायका भेटायला आल्या. कोपऱ्यावरची शिंपीण तर मुद्दाम दोरे घेऊन आली, बिचारीला वाटलं बरं वाटेल. दोन जांभळे होते, एक लालसर आणि एक निळसर. वहिनींनी ते डाव्या हातात घेतले, दाराकडे हात केला. मी खुर्ची उन्हात ओढली. त्यांनी डोळे बारीक केले, अगदी पहिल्यासारखे, आणि निळसर वेगळा काढला. मग का, ते सांगायला लागल्या. "मंगळवार, मंगळवार मंगळवार, मंगळवार..." आवाजाची चढउतार तीच, मध्ये थांबणं तेच, शेवटी हात हलवून समजावणंही तेच. डोळे मिटून ऐकलं असतं तर वाटलं असतं, पलीकडच्या खोलीत वहिनी बोलताहेत, फक्त शब्द नीट ऐकू येत नाहीत. शिंपीण म्हणाली, "हो हो, कळलं, कळलं." वहिनी वाक्याच्या मध्येच थांबल्या. दोरे तिच्या हातात दिले आणि भिंतीकडे बघत बसल्या.

नंतर रंग विचारायला कुणी आलं नाही. कोण कशाला येईल!

बोलण्याचा सराव घ्यायला आठवड्यातून दोनदा एक शिक्षिका यायची. तिने सांगितलं, यांना आवडतं ते काम यांच्यासमोर करा, यांना त्यात ओढा. दुसऱ्या दिवशी सकाळी भावजी जिना चढून वर आले. पायाने अधू माणूस, एरवी कधी वर यायचे नाहीत.

"मला टाके शिकव," म्हणाले.

"तुम्हाला?"

"पाच चौकटी राहिल्यात. ती दाखवेल, मी भरीन. तिचा उजवा हात मी."

मी शिकवायला बसले. आधी धावदोरा, मग उलटी टीप, मग देठाचा टाका, साखळी, शेवटी भरीव टाका. भावजी पट्टी घेऊन बसले.

"टाक्याची लांबी किती?"

"अंदाजाने घ्यायची, भावजी."

"अंदाज म्हणजे किती मिलिमीटर?"

मी हसले. वहिनीही हसल्या, अर्ध्या तोंडाने. आजारपणानंतरचं ते पहिलं हसू. मी मनात म्हटलं, चला, गाडी रुळावर येतेय. तीन आठवड्यांत भावजींचे टाके सरळ पडायला लागले. एकाला एक जुळे, सैन्यातल्या रांगेसारखे. जीव नव्हता त्यांत, पण सरळ होते.

मग बाराव्या चौकटीला हात घातला. वहिनींनी लड्यांतून बोटाने शेवाळी दाखवला. भावजींनी दोन पदर काढून घेतले, ओवले, पानाच्या वळलेल्या भागात आठ-दहा टाके घातले आणि रिंग त्यांच्यापुढे धरली.

"नाही," वहिनी म्हणाल्या.

उसवलं. दुसरी लडी दाखवली. "नाही." तिसऱ्या वेळी पुन्हा शेवाळीच दाखवला, म्हणजे चूक रंगाची नव्हती. मग कशाची? पदर जास्त झाले म्हणून एकच घेतला. नाही. टाके तिरके घातले. नाही. खालून वर घेतले. नाही. वहिनी डाव्या हाताने भावजींचं मनगट धरायच्या, वळवायच्या, हवेत बोटाने काहीतरी गिरवायच्या, एखादा वळसा, पुन्हा पुन्हा तोच. आम्ही दोघं त्या बोटाकडे बघत बसायचो. मला वाटलं, मला कळेल, मी त्यांच्याच हाताखाली शिकलेय. मी सुई घेतली, पाच टाके घातले. वहिनींनी माझ्याकडे अशा काही नजरेने बघितलं की मी सुई खाली ठेवली. इतकी वर्षं शेजारी बसून मी काय शिकले होते, देव जाणे.

नवव्यांदा उसवताना कापडाने मान टाकली. सुती कापड, ते तरी किती सोसणार? पानाच्या मधोमध नखाएवढं भोक पडलं.

भावजींनी भोकाकडे बघितलं. मग वहिनींकडे. मी त्यांचा चढलेला आवाज तोवर कधी ऐकला नव्हता.

"मग पाहिजे तरी काय तुला? सांग ना! बोल! एकदा बोल आणि मोकळी हो!"

वहिनी अगदी हळू म्हणाल्या, "मंगळवार."

भावजी उठून मागच्या अंगणात गेले आणि नळ सोडून उभे राहिले. नळाखाली काही नव्हतं. पाणी नुसतं वाहत होतं. खूप वेळाने मी जाऊन तो बंद केला.

चादर घडी करून कपाटात खालच्या खणात गेली. आठेक दिवस घरात कुणी सुईचं नाव काढलं नाही.

मग एका दुपारी मी चहा घेऊन खाली गेले तर खण उघडा. वहिनींनी तो डाव्या पायाने ओढला असणार. चादर मांडीवर, आणि डाव्या हातात दोरा कापायची बारकी कात्री. पहिली चौकट, तीन वर्षांपूर्वीची, निम्मी उसवलेली. कापलेले हिरवे धागे मांडीभर पडले होते.

"वहिनी! अहो, काय करताय!"

माझा आवाज ऐकून भावजी आतून आले. त्यांनी चादर ओढली. तेव्हा वहिनींच्या घशातून जो आवाज आला, तो मी माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्यात 'नाही' नव्हतं, 'मंगळवार' नव्हता. भावजींनी चादर सोडून दिली. वहिनींनी ती सारखी केली, गुडघ्यांत धरली आणि कात्रीचं टोक पुढच्या टाक्याखाली घातलं.

मी भावजींना स्वयंपाकघरात ओढत नेलं. "काढून घ्या त्यांच्याकडनं. अकरा चौकटी आहेत, भावजी. तीन वर्षांचं काम!"

"ती चुकीपर्यंत जातेय," भावजी म्हणाले.

"पहिल्या चौकटीत कुठे चूक आहे?"

"आपल्याला काय कळतं त्यातलं?" ते म्हणाले. "बाराव्या चौकटीतली कळली का?"

मी निवलेला चहा परत गरम करायला ठेवला.

एका हाताने कापड धरता येत नाही आणि कापताही येत नाही. म्हणून भावजींनी लाकडाची एक छोटी घोडी केली, रिंग तिच्यावर घट्ट बसायची आणि वहिनींच्या मांडीला टेकायची. अगदी मापात. सरावाला येणारी शिक्षिका ते बघून खूश झाली. "अरे वा! डावा हात काय छान चालायला लागलाय!" मला तिच्या हातातली वही घेऊन भिरकावून द्यावीशी वाटली. तिची काय चूक होती? हात खरंच छान चालत होता.

दोन महिन्यांत अकरा पानं गेली. भावजींनी चादर धुऊन अंगणात वाळत घातली. मला वाटलं होतं, धुतल्यावर भोकं मिटतील. मिटली नाहीत. उन्हात धरल्यावर प्रत्येक पान दिसत होतं, नुसत्या सुईच्या भोकांचं. मी ती घाईने काढून आत आणली.

मग उशांचे अभ्रे निघाले. मग टेबलावरचं कापड, खिडकीचे पडदे, भावजींच्या रुमालांवरची अक्षरं. वहिनी बोट दाखवायच्या, भावजी काढून द्यायचे. आभाळच फाटलं तिथे ठिगळ कुठे लावणार, तसं ते घर झालं होतं. जिथे जिथे रंग होता तिथे पांढरं दिसायला लागलं. वहिनी भांडत नव्हत्या, रडत नव्हत्या. दुपारभर कात्री चालायची, संध्याकाळी भावजी फरशीवरचे धागे झाडून काढायचे.

आणि एक दिवस वहिनींनी बोट वर केलं. छताकडे.

मला लगेच कळलं. माझ्या लग्नानंतर पहिल्या वर्षी त्यांनी मला दोन अभ्रे भरून दिले होते, अबोली रंगाची बारीक फुलं, गाठीच्या टाक्यांची. मी ते वापरले नव्हते, कागदात गुंडाळून ठेवले होते. या घरात माझ्या बाजूने कुणी नव्हतं तेव्हा त्या दोन अभ्र्यांनी मला धरून ठेवलं होतं. का ते सांगता येणार नाही.

"ते?" मी म्हटलं. "ते तर कधीच विरले, वहिनी. टाकून दिले मी."

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. शब्द गेले होते, पण माणूस ओळखायची नजर कुठे गेली होती? त्यांनी बोट खाली घेतलं.

आठ दिवस मी ते कागदातलं पुडकं नुसतं काढत आणि परत ठेवत राहिले. नवव्या दिवशी मी कागद सोडला, अभ्रे घेऊन खाली गेले आणि त्यांच्या मांडीवर ठेवले. "सापडले. घ्या." वहिनींनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. हाताच्या पाठीने त्यांनी ते बाजूला सारले, जेवण नको असलं की ताट सारायच्या तसे. मी पुन्हा ठेवले, त्यांनी पुन्हा सारले. ते अभ्रे माझ्याकडे अजून आहेत, आणि आता ते नसते तर बरं झालं असतं.

मग घरात उसवायला काही उरलं नाही. वहिनी रिकामी घोडी मांडीवर घेऊन बसायच्या आणि कात्री हवेतच उघडमीट करायच्या. कच, कच, कच. वर माझ्या खोलीत, कात्री थांबलेली असतानाही, मला तो आवाज ऐकू यायचा.

तेव्हा भावजींनी पुन्हा सुई हातात घेतली. घरातल्या एका जुन्या चादरीचे तुकडे कापले आणि सकाळपासून जेवायच्या वेळेपर्यंत भरत बसायला लागले. जेवण झालं की तो तुकडा रिंगेत लावून वहिनींपुढे ठेवायचे. वहिनी संध्याकाळपर्यंत तो उसवायच्या. दुसऱ्या सकाळी नवा तुकडा.

"कशासाठी हे, भावजी?" मी एकदा विचारलं.

"तिला दुपारी काम नको का?"

असं सात-आठ महिने चाललं. आणि रोज चार तास तेच केलं की हात सुधारतोच. पट्टी कधी सुटली ते माझ्याही लक्षात आलं नाही. भावजी अंगणातून पानं आणायला लागले, लड्या घेऊन पायरीवर उन्हात जायला लागले, डोळे बारीक करायला लागले.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. रिंगेत एक पान होतं, अर्धं वळलेलं, पाठ दिसणारं. शेवाळी, पिस्ता, आणि शिरेत मातकट करड्याची एकच रेघ. वळणाच्या जागी त्यांनी टाका कसा फिरवला होता मला माहीत नाही, पण पान खरंच वळलं होतं. माझा हात आपोआप तोंडावर गेला. भावजींचे कान लाल झाले होते, शाळेतल्या पोराचे होतात तसे.

जेवणानंतर त्यांनी ते वहिनींपुढे लावलं. वहिनी बघत राहिल्या. आधी रोजच्यासारखं, मग वेगळं. त्यांनी कात्री बाजूला ठेवली. शिरेवरून अंगठा फिरवला, देठापासून टोकापर्यंत, आणि वळणापाशी थांबल्या. भावजी खुर्चीत पुढे वाकले.

"बरोबर आहे?" त्यांनी विचारलं. "असंच पाहिजे होतं का गं तुला?"

वहिनींचे ओठ हलले. "मं..." एवढंच आलं. त्यांनी तोंड मिटलं, भावजींकडे बघितलं, बराच वेळ. मग चाचपडत कात्री शोधली आणि टोक बरोबर त्या वळणाखाली घातलं.

पहिला टाका तुटल्याचा आवाज मला ऐकू आला. भावजी मागे टेकले. "हं," म्हणाले. थोड्या वेळाने कापड सैल पडलं तेव्हा त्यांनीच पुढे होऊन ते रिंगेत ताणून धरलं, तिला नीट कापता यावं म्हणून.

त्या दिवसानंतर त्यांनी पान भरलं नाही. आता नुसता धावदोरा घालतात, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, हाताला लागेल त्या रंगाचा. मी विचारलं तर म्हणाले, "उसवायला सोपं जातं तिला. तिचा डावा हातही हल्ली थकतो."

खरं आहे. पूर्वी दुपारभरात संपायचं ते काम आता दोन दिवस पुरतं. शिक्षिका यायची बंद झाली. आमचे हे म्हणतात, तू कशाला रोज खाली जाऊन बसतेस, तुझ्याच जिवाला घोर. पण भावजींना सुईचं नेढं दिसेनासं झालंय. मी सकाळी खाली जाते आणि त्यांना दिवसभराच्या दहा-बारा सुया ओवून ठेवते. रंग कुठला, ते मी विचारत नाही.